केरबाची हलकी सायकल

श्रीपतीच्या जिभेला हाड नव्हतं. तसं ते कुणाच्याच जिभेला नसतं म्हणा, पण चार माणसांत बोलताना बाकीचे निदान थोडं गिळतात. श्रीपतीनं उभ्या जन्मात फक्त चहा गिळला. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांची रांग संपते तिथून रेल्वेच्या कुंपणाकडं एक बोळ जातो. त्या बोळात त्याचं पत्र्याचं सायकलदुकान पन्नास वर्षं उभं होतं. तिथून पडल्या तोंडानं परत गेलेल्या माणसांना बसवायचं म्हटलं तर सतरंजी कमी पडली असती.

पण डोळा होता बाबा त्याला, ते कबूल केलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत इकडं गोऱ्या साहेबांचे तळ पडले होते, आणि काही साहेबांकडं विलायती हलक्या सायकली होत्या. नळ्या पातळ, चाकं बारीक, एका हातानं उचलली की उचलली जावी अशी. लढाई संपली, साहेब गेले, सायकली राहिल्या. कुणाच्या बंगल्याच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यावर. आता पुण्यामुंबईच्या हौशी लोकांना त्या सायकलींचं वेड लागलंय. गाडी घेऊन येतात, खेडोपाडी हिंडतात, आणि सायकल सापडली की आधी श्रीपतीला नेऊन दाखवतात. कारण सायकल खरी असली तरी तिच्या अंगावरचं सगळं खरं असेलच असं नसतं. सत्तर-ऐंशी वर्षांत कुणी हँडल बदललं, कुणी चाकं बदलली, कुणी नुसती नळ्यांची चौकट ठेवून बाकी सगळं बाजारातलं चढवलं. श्रीपती सायकल उलटी करायचा, पायडलांच्या मधल्या बॉटमखालचा नंबर अंगठ्यानं पुसायचा, एकेका पार्टावरून बोट फिरवायचा आणि निकाल द्यायचा. निकालाला त्याच्याकडं दोनच शब्द होते. एक 'वरिजनल', दुसरा 'डुप्लिकेट'.

त्याची एक खूण तर सगळ्यांना पाठ झाली होती. लढाईच्या सालात चकाकणारा मुलामा तोफा-बंदुकांच्या कामाला गेला आणि सायकलीच्या वाट्याला आला नुसता काळा रंग. मुठी काळ्या, क्रँक म्हणजे पायडलचे दांडे काळे, चाकाच्या मधलं हबसुद्धा काळं. अडाणी माणूस ते बघून नाक मुरडतो आणि चकचकीत बसवून घेतो. "चकाकलं का फसलं," श्रीपती म्हणायचा, आणि बिडी पेटवायचा.

आता हेच तो चांगल्या तोंडानं सांगू शकला असता. पण नाही. तळेगावकडचा कैलास नावाचा एक साधा माणूस वारलेल्या बापाची सायकल घेऊन आला होता. सायकलीच्या हँडलला त्यानं हार घातलेला. डोळ्यांत पाणी आणून सांगत होता, आमच्या अण्णांनी ही साहेबाकडून घेतली, जिवापाड जपली. श्रीपतीनं वाकून एकदा बघितलं आणि म्हणाला, "चौकट एकाची, चिमटा दुसऱ्याचा, चाकं तिसऱ्याची. तुझ्या बापानं सायकल न्हाई घेतली बाबा, वरात घेतली. हार मात्र वरिजनल हाय." बोळात उभी असलेली माणसं हसली. कैलासनं हार काढून खिशात घातला आणि सायकल ढकलत निघून गेला. घरी जाऊन तो दोन दिवस जेवला नाही, असं नंतर कुणीतरी सांगितलं. श्रीपतीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या चाकाच्या तारा ओढायला लागला.

बायको मुक्ताबाई त्याला म्हणायची, "अवो, खरंच बोलायचं तर हळू बोला की." तर तिला म्हणायचा, "हळू बोल्लं म्हंजी ते खोटं व्हतं." काय बोलणार अशा माणसाशी? तीही गप्प बसली, आणि सहा वर्षांपूर्वी गप्पच गेली.

एवढी विद्या हा कुठं शिकला, हे मात्र कोडं होतं. शाळा सातवी. इंग्रजी येत नाही. पण काळ्या रंगाचा पोत, ठोकलेल्या आकड्यांची ढब, लढाईतल्या हबाचा फिरताना येणारा बारीक आवाज, सगळं त्याला तोंडपाठ. हौशी लोक पुस्तकं उघडून त्याच्याशी ताडून बघायचे आणि पुस्तक मिटायचे. दुकानाच्या मागच्या फळीवर, कुलपाच्या पेटीत एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो त्यानं कधी कुणाला दाखवला नाही. गिऱ्हाईक नसलं की दार लोटून तो डबा उघडायचा, आतलं फडकं सोडायचा, हाताळायचा, पुन्हा बांधायचा. त्याची शाळा, कॉलेज, सगळं त्या डब्यात होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याला हनुमंतशेठचा फोन आला. पवनानगरच्या अलीकडं, तळ्याच्या काठावर, हनुमंतशेठचा मोठा कॅम्प आहे. तंबू, होड्या, हुरडा, शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी. त्याचा आजा गावचा पाटील. त्याच जमिनीवर आता नातवानं तंबू ठोकलेत. पैसा झाला की माणसाला इतिहास आठवतो. शेठनं एक मोठी शेड बांधून त्यात जुन्या गाड्या मांडल्या होत्या. जीप, बैलगाडी, टांगा. भिंतीवर प्रत्येकाची पितळी पाटी. "एक सायकल बघायची हाय भाऊ," शेठ म्हणाला, "गाडी पाठवतो."

शेडमध्ये पंधरा-वीस माणसं जमलेली. मधोमध धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर सायकल उभी, आणि तिच्याजवळ इस्त्रीचा सदरा घातलेला एक म्हातारा, सोबत त्याची नात. म्हातारा दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "जय भीम भाऊ." श्रीपतीनं नुसती मान हलवली. त्याचं लक्ष सायकलीवर होतं. सायकलीपुढं माणूस त्याला कधी दिसलाच नाही.

शेठनं भानगड काय ती सांगितली. हा भिकाजी, आमच्याच गावचा, वस्तीवरला. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला. त्याचा बाप केरबा लढाईच्या काळात तळावर साहेबाकडं कामाला होता. साहेबाला हिवताप झाला, केरबानं त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं, आणि विलायतेला जाताना साहेबानं आपली सायकल त्याला दिली, असं भिकाजी म्हणतो. आणि गाव काय म्हणतं? गाव म्हणतं, केरबानं तळावरच्या भंगारातून एकेक पार्ट उचलला आणि घरी जुळवली. थोडक्यात, चोरली.

"चिठ्ठी दिल्ती सायबानं," भिकाजी म्हणाला. "वाळवीनं खाल्ली. आता ही सायकलच काय ती साक्षीला."

भिकाजीला सायकलीचे पैसे नको होते. शेडमध्ये सायकल टांगायची आणि खाली पाटी लावायची, एवढंच त्याचं मागणं. पाटीचा मजकूर नातीनं, चैतालीनं, कागदावर टाइप करून आणला होता. 'ही सायकल केरबा यांना त्यांच्या सेवेबद्दल भेट मिळाली.' भेट या शब्दासाठी भिकाजीनं जन्म काढला होता. लहानपणी शाळेत पोरं त्याला 'चोराचं' म्हणायची, आणि आज पंचाहत्तरीलाही पारावर बसलेला कुणी म्हातारा खोकून खोकून तेच म्हणतो.

शेठ हुशार. त्यानं तोड काढली होती. सगळी पार्टं एकाच सालची, एकाच जातीची निघाली तर सायकल अख्खी मिळालेली, म्हणजे दिलेली. पाटी लागेल. भेसळ निघाली तर जुळवलेली. मग गाव म्हणतं ते खरं. "आणि श्रीपतीभाऊ सांगतील ती पूर्व दिशा," शेठ म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. भिकाजीनंसुद्धा डोलावली. तोच तर म्हणाला होता, बोलवायचं तर श्रीपतीभाऊंनाच बोलवा.

श्रीपतीला अशी माणसं जमली की चेव यायचा. त्यानं नेहमीप्रमाणे आधी सायकल एका बोटावर उचलून दाखवली, "हलकी हाय, जात खरी हाय," म्हणाला. मग उलटी केली. बॉटमखालचा नंबर पुसला. "चौकट वरिजनल. चव्वेचाळीसची." भिकाजीच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं. श्रीपतीनं मागचं चाक फिरवलं, हबावरची माती नखानं खरवडली, आणि त्याला हसू आलं. हे त्याचं नेहमीचं हसू, त्यानंतर समोरच्याचं काही खरं नसायचं.

"वाचा शेठ, काय लिवलंय."

शेठनं वाकून वाचलं. "मेड इन इंडिया."

"चव्वेचाळीस सालच्या विलायती सायकलीला मेड इन इंडिया! साहेब काय पुण्याच्या बाजारात गेल्ता का हब आणाया?" माणसं खोखो हसली. श्रीपती थांबेल तर शपथ. "हब डुप्लिकेट. हे क्रँक बघा, आरशासारखं चमकत्यात, डुप्लिकेट. चेनची चकती डुप्लिकेट. ब्रेकच्या मुठी डुप्लिकेट. सांगाडा विलायती आन् कपडे उसने. ज्यानं कुणी जुळवली त्याचा हात साफ व्हता, येवढंच म्हंतो."

'हात साफ' म्हटल्यावर कुणीतरी टाळी दिली. चैतालीनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सायकल सुलटी करायला म्हणून श्रीपतीनं वरच्या आडव्या नळीला खालून हात घातला. आणि हात तिथंच राहिला. नळीच्या पोटाला, बरोबर मध्यावर, वीतभर जागेत रंग नव्हता. घासून घासून लोखंड गुळगुळीत झालेलं. सायकलीचा रंग बसायच्या जागी उडतो, मुठीजवळ उडतो, चेनच्या कडेला उडतो. नळीच्या पोटाला कधी उडत नाही. अशी सायकल श्रीपतीनं उभ्या आयुष्यात एकच पाहिली होती, आणि ते साल होतं बाहत्तर.

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि उस्तादाच्या हाताखाली काम करायचा. केरबा सायकल घेऊन आला, उंच, काळा, तळ उठल्यावर रेल्वेत लागलेला, अंगात रेल्वेचा निळा सदरा. नाव श्रीपतीनं विचारलं नव्हतं. सगळी उघडून साफ करायची होती. उस्ताद आठवडाभर गावी गेलेला. श्रीपतीनं नळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हितला रंग कशानं गेला?" केरबानं दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सरळ सांगितलं. "खांद्यानं. गावातनं बसून जायाची मुभा नव्हती. ढकलत बी न्यायची न्हाई, सायकल हाय हे दिसता कामा नये म्हनायचे. मंग पोत्यागत खांद्यावर टाकायची. घरापासनं येशीपत्तुर. सकाळी जाताना, सांच्याला येताना. धा वरसं. बरं हलकी व्हती म्हनून." मग म्हणाला, "छप्पन साली आमी बौद्ध झालो. त्या दिसापासनं म्या चावडीवरनं बसून जातो. उतरत न्हाई."

श्रीपतीनं ऐकलं, पण त्याचा जीव अडकला होता त्या काळ्या हबात. रॉकेलमध्ये धुतल्यावर ते हातात असं फिरलं की छर्रे आहेत की नाहीत कळू नये. त्यावर ठोकलेला चव्वेचाळीसचा आकडा. काळे क्रँक, काळी चकती, काळ्या मुठी. विकायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. त्याला नुसतं ते हवं होतं, आपल्याजवळ असायला हवं होतं. त्यानं उस्तादाच्या कपाटातली चकचकीत बाजारची पार्टं काढून केरबाच्या सायकलीला बसवली आणि काळी बिस्किटाच्या डब्यात ठेवली. केरबा आला तेव्हा त्यानं डबा फळीमागं सरकवला. पण केरबानं सायकल बघितली, क्रँकमध्ये स्वतःचं तोंड बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "जुनं काळं काढून नवंकोरं घातलंस व्हय रं लेकरा? पैसं?" श्रीपती म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." तर त्या माणसानं याच्या डोक्यावर हात ठेवला.

हे सगळं नळीवरच्या त्या एका वीतभर जागेतून श्रीपतीच्या हातात चढलं, आणि समोर भिकाजी बोलायला लागला होता.

"बराबर हाय भाऊ. ती पार्टं मागनंच घातल्याली हाईत." तो शांत बोलत होता, लोकांकडं बघतही नव्हता. "बाहत्तर साली लोणावळ्यात तुमच्या उस्तादाच्या दुकानात. तुमीच घातली. माझा बाप मरंस्तवर सांगायचा, लोणावळ्यात येक पोरगा हाय, आपलं जुनं काळं काढून फुकाट नवं घातलं त्यानं, जात इचारली न्हाई का पैसं घेतलं न्हाई. म्हनून तर म्या शेठला म्हनलं, श्रीपतीभाऊंना बोलवा. त्यास्नी म्हाईत हाय काय व्हतं आन् काय बदललं. सांगा की भाऊ."

शेडमध्ये सगळे श्रीपतीकडं बघायला लागले. एक वाक्य. व्हय, म्या बदलली. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. डब्याचं सांगायची गरजही नव्हती. पण चोराच्या मनात चांदणं. बदलली म्हटलं की कुणीतरी विचारणार, मग जुनी कुठं गेली? आणि पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या बापांचा हिशेब काढणारा माणूस ज्या जिभेवर जगला, ती जीभ पहिल्यांदा गिळायला शिकली. तीही नको तेव्हा.

"मला काय आठवत न्हाई," श्रीपती म्हणाला.

भिकाजीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग चादरीची घडी घातली, सायकल धरली आणि नातीला म्हणाला, "चल." मागून कुणीतरी खोकून खोकून तेच जुनं बोललं, आणि हसण्याची एक लाट आली. शेठनं श्रीपतीसाठी चहा सांगितला. श्रीपतीनं तो घेतला, हेही सांगायला पाहिजे.

त्यानंतर चार दिवस दुकान उघडं होतं, पण दुकानदाराचं मन जागेवर नव्हतं. पुण्याचा एक हौशी माणूस सायकल घेऊन आला, तिचं हँडल आंधळ्यालाही कळावं इतकं बाजारचं होतं, आणि श्रीपतीच्या तोंडातून 'डुप्लिकेट' निघेना. "तुमाला आवडली ना? मंग झालं," म्हणाला. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं भाऊंना झटका आला. श्रीपतीला जेवण जाईना. डोळा लागला की डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटायचं आणि तो दचकून उठायचा. शिव्या कुणी दिल्या असत्या तर त्यानं दुप्पट परत केल्या असत्या. आशीर्वादाचं काय करायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यानं डबा काखेत मारला आणि पवनानगरची एसटी धरली. भिकाजी अंगणात वाल सोलत बसला होता. श्रीपतीनं डबा त्याच्यापुढं ठेवून उघडला. फडक्यात सगळं होतं. हब, दोन्ही क्रँक, चकती, मुठी. तेल पाजून पाजून राखलेली, काल कारखान्यातून आल्यासारखी काळी.

भिकाजीनं हब उचललं. अंगठ्यानं आकडा चाचपला. मग विचारलं, "पन्नास वर्सं?"

"व्हय."

"आन् माझा बाप तुमचं नाव घेऊन मेला."

भिकाजी ओरडला नाही, अंगावर धावला नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं. तो वालाची टोपली बाजूला सारून उठला, घरातून सायकल घेऊन आला आणि श्रीपतीपुढं उभी केली. "बसवा," म्हणाला.

श्रीपती दिवसभर बसवत होता. वस्तीतली माणसं येऊन बघून जात होती. चैतालीनं आजोबांना चहा दिला, श्रीपतीला विचारलं नाही. त्यानं पाणी मागितलं तेव्हा भिकाजीनं स्वतः उठून तांब्या दिला. उन्हं कलली तेव्हा सायकल पुरी झाली. नखशिखांत काळी, कुठंही चमक नाही. भिकाजीनं मागचं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, आवाज न करता.

"आता शेठकडं चला," भिकाजी म्हणाला, "आन् समद्यांम्होरं सांगा."

दुसऱ्या दिवशी रविवार. शेडमध्ये तीच माणसं, शिवाय कॅम्पवरची दहाबारा पाहुणे मंडळी. श्रीपतीनं सांगितलं. पहिल्यांदाच हळू सांगितलं, आणि खरं सांगितलं. हब चव्वेचाळीसचं, क्रँक चव्वेचाळीसचे, सगळं एका सालचं. सायकल अख्खी दिलेली आहे. पार्टं मी चोरली होती, मी परत आणली. केरबा चोर नव्हता, चोर मी.

हनुमंतशेठ ऐकत होता, मिशीतल्या मिशीत हसत होता. श्रीपतीचं झाल्यावर म्हणाला, "भाऊ, परवा तुमी हितंच हुबं राहून डुप्लिकेट म्हनला. आज वरिजनल म्हंता. ही पार्टं आली कुटनं?"

"माझ्या डब्यातनं."

"म्हंजी बाहेरनं आली. म्हंजी पुन्हा जुळवलेलीच की."

"ह्याच सायकलीची हाईत, शेठ."

"कोन सांगतंय?"

"मी सांगतोय."

"आन् तुमी कोन? आत्ता तुमच्याच तोंडानं सांगितलंत." शेठनं पाहुण्यांकडं बघून डोळा मारला. "चोराचा साक्षीदार चोर. आमचा आजा म्हनायचा तेच खरं निघालं बघा, सायकल चोरांच्या हातातनं सुटंना. पाटी न्हाई लागत, भिकाजी. पायजे तर बिनपाटीची टांग. फोटो चांगले येतील."

पाहुणे हसले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण शेठ हसला म्हणून हसले. पन्नास वर्षं श्रीपतीच्या शब्दावर माणसं सायकली घेत होती, टाकत होती, बापाच्या सायकलीवरचा हार काढत होती. आणि ज्या दिवशी त्या शब्दाचं खरंखुरं काम पडलं, त्या दिवशी त्याची किंमत पंक्चरच्या चकतीएवढीही राहिली नव्हती. ती त्यानं स्वतःच घालवली होती, इथंच, पाच-सहा दिवसांपूर्वी, लोकांना हसवताना.

भिकाजी सायकल घेऊन शेडबाहेर पडला. श्रीपती मागोमाग गेला. वेशीजवळ आल्यावर त्यानं हँडलला हात घातला. एरवी त्यानं भिकाजीला नावानंच हाक मारली असती, स्वतः वयानं लहान असून. आज त्याच्या तोंडून निघालं, "आबा, द्या. मी नेतो घरापत्तुर."

भिकाजी थांबला. समोर गावाचा रस्ता होता, मारुतीचं देऊळ, चावडी, पार, आणि पारावर रविवारची सगळी रिकामी माणसं.

"न्या," तो म्हणाला. "पर ढकलत न्हाई न्यायची. खांद्यावर घ्या."

श्रीपतीला आधी वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. मग त्यानं भिकाजीच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर चीड नव्हती, काहीच नव्हतं. श्रीपतीनं वाकून नळीखाली खांदा घातला आणि सायकल उचलली. नळीचा तो गुळगुळीत भाग बरोबर खांद्याच्या खोबणीत बसला. उंच माणसाच्या खांद्यानं घासलेला होता, तरी बसला. एका बोटावर उचलून दाखवायची ती सायकल. देवळापर्यंत येईस्तोवर त्याला धाप लागली, चावडीपाशी मानेची शीर धरली, पायडल पाठीत टोचायला लागलं.

पारावरची माणसं बोलायची थांबली. एकानं विचारलं, "काय श्रीपतीभाऊ, पंक्चर झाली व्हय?" श्रीपतीनं पुढचं पाऊल टाकलं. दुसरा कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी बोलला आणि सगळा पार हसला. हसण्याचा हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. आजवर तो त्यानंच उठवला होता.

वस्तीवर अंगणात त्यानं सायकल उतरवली तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता. भिकाजीनं सायकल भिंतीला टेकवली, नळीच्या पोटावरून हात फिरवला, आणि मग श्रीपतीच्या खांद्याकडं बघितलं, जसा श्रीपती पार्टाकडं बघतो तसं.

"येका खेपंत डाग पडत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "उद्या या."

श्रीपतीनं खांदा चोळला. मग त्यानं विचारलं, "किती वाजता येऊ?"

"माझा बाप सातला कामाला निघायचा," भिकाजी म्हणाला, आणि वालाची टोपली ओढून सोलायला बसला.